एक डोळा धुळीतला

दूरच्या आकाशगंगांचा उजेड वाटेत कोण गिळतं, याची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघाला! धुळ्याच्या कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलं. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, हे कॉम्प्युटरवर दुर्बिणीचे फोटो उघडून बसले. लेकीच्या साखरपुड्यात मी विचारलं, "भाऊ, भरीत कसं झालं?" तर म्हणाले, "अक्का, ताऱ्यांच्या मधे धूळ असते. निळा उजेड ती जास्त गिळते, तांबडा सोडते. म्हणून पलीकडची आकाशगंगा मंद दिसते, आणि आपण उगाच समजतो, फार लांब आहे!" भरीत गेलं गार होऊन. ही धूळ मोजायची म्हणजे एकसारखे दोन तारे धरायचे, एक धुळीआडचा, एक मोकळा, आणि रंगांतला फरक काढायचा. ही जोडी लावायची खोड घरातही आली. विहीणबाईंनी एक ट्यूबलाइट पुसली की दुसरी पुसायला बंदी! त्या बिचाऱ्या म्हणायच्या, "अक्का, यास्ले मना झाडूबी दुश्मन वाटस!"

मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. स्कूटर केळीच्या हातगाडीवर घातली, तेव्हा कुठे एका डोळ्याचं ऑपरेशन करू दिलं. पट्टी निघाली आणि स्वारी नाचायलाच लागली. जुन्या डोळ्याला भिंत पिवळी, नव्याला पांढरी! "अक्का, मोतीबिंदूसुद्धा निळाच गिळतो हो! धुळीतला अन् मोकळा, जोडी माझ्या तोंडावरच आहे!" झालं. दुसऱ्या डोळ्याला साफ नकार. डोळा कायमचा जाईल म्हणून डॉक्टर ओरडले, विहीणबाई रडल्या, मी पिंप्राळ्याहून एसटीनं जाऊन भांडले. तर म्हणे, "माझी जोडी तोडू नका."

तेवढ्यात विहीणबाई चहा घेऊन आल्या. यांनी सवयीनं एक डोळा मिटून त्यांच्याकडे पाहिलं, मग दुसरा मिटून. "विहिणीसमोर डोळे काय मारताय?" त्या करवादल्या. हे हसले नाहीत. म्हणाले, "तू इतकी फिकट कधी झालीस गं? जुन्या डोळ्याला तर अजून हळद लागल्यासारखी दिसतेस."

"वरीस झालं," त्या कप ठेवत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आधी बायकोचं रक्त तपासून आणलं, औषध सुरू केलं, मगच आपल्या डोळ्याची तारीख घेतली. ऑपरेशनला निघताना दारात थांबले. नवा डोळा तळहातानं झाकला आणि बायकोकडे बघतच राहिले. एरवी फटकन बोलणाऱ्या विहीणबाई त्या दिवशी नुसता पदर सारखा करून उभ्या राहिल्या, त्यांचं बघून होईपर्यंत.