मगरीची पिल्लं

ओल्या वाळूचा वास आला की मला नदीकाठचं ते आरोग्य उपकेंद्र आठवतं. मी तिथे एकटी नर्स होते आणि दीड वर्षाची लेक वेंगुर्ल्याला आईकडे ठेवलेली. एका सकाळी होडीवाल्या काकांनी मला काठावर थांबवलं. समोर एक मगर वाळू उकरून चिवचिवणारी पिल्लं जबड्यात घेत होती. "खाल्ली तिने!" मी ओरडले. "खाणा नाय गो, पाण्यात न्हेऊन सोडता. अंड्यातसून पोरांची हाक येयपर्यंत ती हयच राखण करीत होती," काका म्हणाले. दुपारच्याच एसटीने मी घरी गेले. मला बघून लेक रडायला लागली आणि आजीला बिलगली. आता ती पुण्यात नोकरीला असते. तिचा फोन आला की आधी म्हणते, "आजीकडे दे." मी देते.