सासूची सातवी

माझ्या नवऱ्याची छडी अमरावतीतल्या निम्म्या पोरांना पाठ होती. तोच माणूस सासूसमोर आला की आवाज गिळायचा. एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण ती सासू म्हणजे माझी आई; तिला सातवी पास व्हायचं होतं, आणि शिकवणारा घरात तोच होता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, आणि मराठी सातवी झालेल्या बाईला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून घेत. वडील गेल्यावर आई अकोल्याला माझ्या भावाकडे राहायची. भाऊ चांगला, वहिनीही चांगली. पण "सुनेपाशी लुगडं मांगाले जीव धजत नाही," असं तिने मला एकदाच सांगितलं. लहानपणी ती चौथीपर्यंत शिकली होती. सातवी झाली तर जागा देऊ, असं अकोल्याच्या शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, तशी आई वळकटी घेऊन आमच्याकडे आली.

रीत अशी की सासूने जावयासमोर बसायचं नाही. म्हणून आई स्वयंपाकघराच्या दाराआड, हे ओसरीवर, आणि पाटीची ने-आण करायला मी. आई त्रैराशिक सोडवायची, मी पाटी बाहेर न्यायची, हे चष्मा सारखा करून पाहायचे आणि म्हणायचे, "मामींना सांग, छान आहे." सासूला ते मामी म्हणत. रोज छान! मला गणितातलं ओ का ठो कळत नव्हतं, त्यामुळे माझी आई भारी हुशार निघाली म्हणून मी शेजारणींना सांगत सुटले.

आई गणितात नापास झाली.

दुसऱ्या दिवशी ती दार ओलांडून ओसरीवर आली, पदर नीट केला आणि सरळ ह्यांच्या पुढ्यात बसली. हे ताडकन उठले.

"बसा, जावईबापू. खरं सांगा, माही गणितं बरोबर होती?"

ह्यांनी खांबाकडे पाहिलं. "काही काही होती, मामी."

"मंग चूक काहून नाही म्हटलं?"

"तुम्हाला चूक कसं म्हणायचं?"

"जेवाच्या ताटापाशी मी तुमची सासू. पाटीपाशी मले शाळेतलं पोट्टंच समजा. अजून एक साल सुनेच्या तोंडाकडे पाहाचं नाही मले."

त्या संध्याकाळी हे पहिल्यांदा "चूक" म्हणाले, तेही कुणाच्या घरी वाईट बातमी सांगायला गेल्यासारखं. मग स्वतःच तांब्याभर पाणी प्यायले. पण जित्याची खोड! दिवाळीपर्यंत असे सरावले की एकदा व्याजाच्या गणितावर ओरडलेच, "डोकं कुठं ठेवलंय?" आई शांतपणे म्हणाली, "हाये जाग्यावर. पुढचं सांगा." ह्यांनी मात्र त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून जेवण टाळलं. आईने दोनदा बोलावलं, तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पुढच्या निकालाच्या दिवशी हे स्वतः जाऊन पाहून आले. आई अंबाडीची भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पास झालात, मामी."

आई भाजी निवडतच राहिली. जावयाचं गोड बोलणं तिला आधीच्या वर्षी चांगलंच महागात पडलं होतं. तिला खरं वाटतच नव्हतं, आणि ते पाहून मला ह्यांचा असा राग आला की काय सांगू.

हे दारात घुटमळले. मग म्हणाले, "गणितात काठावर. आणखी एक चुकलं असतं तर गेलंच होतं."

आईच्या हातातली जुडी खाली पडली. "काठावर म्हणून राह्यले," ती मला म्हणाली, "म्हणजे खरंच पास झाली वं मी!" आणि जावयासमोर, तोंडाला पदर न लावता, ती मोठमोठ्याने रडली.