पिंपातल्या केळीला पाणी

थंडीत कुंडीला पाणी कमी द्यावं, हे मला कुणी शिकवलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली. तिथं झाडाचं चित्र काढायला शिकवलं, झाड जगवायला नाही. सुरतेत लिंबायतला आमच्या गच्चीवर वीस वर्षं तुळस, कढीपत्ता, मिरची, कोरफड लावते आहे, त्यातून कळलं. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी, थंडीत तीन-चार दिवसांतून एकदा. वरची माती कोरडी दिसली तरी आधी बोट घालून बघायचं. एवढंच माझं ज्ञान. ते असूनही गेल्या हिवाळ्यात मी एक केळ पाणी घालून घालून मारली.

केळ म्हाताऱ्याची होती. म्हातारा म्हणजे माझा नवरा. पस्तीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, उभा राहिला आणि छातीत सूत भरून घरी बसला. आमची खोली तळमजल्यावर, गच्ची तीन जिने वर. डॉक्टरांनी जिना बंद केला. त्याच्या आधी, पावसाळ्यात, गावाहून येताना त्याने केळीचं एक पिल्लू आणलं आणि त्याबरोबर गोणीभर काळी माती. एसटीत पायाशी ठेवून आणली.

मुलगा म्हणाला, "आबा, सुरतेत माती मिळत नाही का?"

"मिळते. खारी आहे. तिच्यात केळ येईल, गोडी येणार नाही."

मुलाने मिलमधलं निळं पिंप अर्ध्यात कापलं, बुडाला भोकं पाडली. पावसाळाभर केळ अशी वाढली की शेजारणी वर येऊन बघून जायच्या.

मग उत्तरेचा वारा सुटला. सुरतेची थंडी कडक नसते, पण कोरडी असते. ओठ फुटतात, टाचा फुटतात. काळी मातीही फुटली. पिंपात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. आमच्या गावच्या तापीकाठच्या शेतात भेग पडली म्हणजे जमीन पाणी मागते, हे लहान पोरालाही कळतं. म्हाताऱ्याला मी भेगांचं सांगितलं. त्या दिवसापासून त्याला काम मिळालं.

उजाडायच्या आत खाटेवरून आवाज यायचा, "केयले पानी दिधं का?" घरात आम्ही अहिराणीच बोलतो. बाकीचं इथं सरळ मराठीत लिहिते.

"काल दिलंय."

"काल काल होतं. भेगा बुजल्या का?"

"नाही."

"मग?"

त्यातही साधं पाणी चालायचं नाही. गावात थंडीच्या दिवसांत विहिरीचं पाणी पहाटे कोमट निघतं, त्यावर वाफ दिसते. सुरतेत विहीर कुठली? गच्चीवरची टाकी रात्रभर वाऱ्यात गार पडलेली. म्हणून मी खाली गॅसवर पाणी कोमट करायचं आणि बादली घेऊन तीन जिने चढायचे. शेजारीण दारातून विचारायची, "काकी, आंघोळ वर करता का आता?"

"वर बाळंतीण आहे, तिला न्हाऊ घालते," मी म्हणायचे. माझी स्वतःची आंघोळ गार पाण्याने.

पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली. म्हातारा म्हणाला, थंडी लागली. मी उलथन्याची दांडी भेगेतून खाली खुपसली. वीतभर कोरडं, त्याखाली चिखल. पाणी भेगांतून सरळ तळाशी जात होतं. दांडीला आंबूस वास आला. शेतात पाणी मुरायला अख्खी जमीन असते. पिंपाची भोकं त्या चिकट मातीने केव्हाच लिंपून टाकली होती.

खाली येऊन मी सांगितलं, "आत चिखल आहे. मुळं सडताहेत. आठ दिवस पाणी बंद करते."

तो खोकला, मग हसला. "तुला काळी माती काय कळणार? तुझं माहेर मुरमाडावरचं. तिथं कुसळं उगवतात."

लग्नाला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली तरी माझं माहेर मुरमाडावरचंच. दुसऱ्या दिवशी बादली भरली.

आता खरं ते लिहिते. ते पाणी मला गच्चीच्या मोरीत ओतता आलं असतं. दिलं म्हणून सांगता आलं असतं. त्याला वर येऊन बघता येत नव्हतं. हे सुचलं नाही असं नाही. लोक म्हणतील, आजारी माणसाचं मन राखलं. तसंही नाही. मला तो एकदा खोटा पडलेला बघायचा होता. गाव कधी सोडायचं, खोली कुठे घ्यायची, मुलगी कुठे द्यायची, सगळं त्याने ठरवलं. मी काही बोलले की मुरमाड. म्हणून मी ओतत राहिले.

आणि तो खाटेवर बसून सांगत राहिला. उन्हाळ्यात केळफूल येईल, घडाला खालून टेकू द्यायला हवा, पहिली फणी गावी पाठवायची. "घड बघितल्याशिवाय मी जात नाही," असं दम खात खात म्हणायचा.

"जा कुठे जायचं ते. आधी दूध प्या," मी म्हणायचे.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळी सुरत गच्चीवर असते. सकाळपासून वर गाणी, पतंग कापला की ओरडा. म्हातारा म्हणाला, "मला वर न्या."

मी म्हटलं, "डॉक्टर काय बोलले ते विसरलात?"

मुलगा म्हणाला, "माय, वर्षाचा सण आहे. नेऊ दे."

पतंगांचं त्याला काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मुलाने आणि शेजाऱ्याने त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. प्रत्येक वळणावर टेकत, थांबत. मी मागून चढत होते. इतके दिवस जे बघायची वाट पाहिली, ते आता चार पायऱ्यांवर आलं होतं आणि मला ते नको झालं होतं.

केळीचं खोड मधोमध वाकलं होतं. पानं पिंपाच्या काठावर लोंबत होती, त्यांत कुणाचा तरी मांजा गुंतला होता. खुर्ची जवळ घ्या, अशी त्याने खूण केली. भेग उकरून मनगटापर्यंत हात घातला, बाहेर काढून हुंगला.

"पाणी जास्त झालं."

"मी सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंस." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मग ऐकलंस कशाला? जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस."

शेजारी हसला, मुलगाही हसला. मी पदराने म्हाताऱ्याचा हात पुसला. नखांतला चिखल निघाला नाही.

मुलगा म्हणाला, पुढच्या पावसात दुसरं पिल्लू आणू. म्हाताऱ्याने खाली न्या, अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी उठून बसले. तो जागा होता, छातीची घरघर ऐकू येत होती. विचारील म्हणून थांबले. त्याने विचारलं नाही. त्यानंतर कशाचंच विचारलं नाही. भाजी कसली, मुलगा आला का, काही नाही. दिलं ते खायचा, वळवलं त्या कुशीवर पडायचा. माघ संपायच्या आत गेला. छातीच्या दुखण्यानेच गेला, असं डॉक्टर सांगतात, आणि ते खरंही असेल.

जायच्या दोन-तीन दिवस आधी मीच म्हटलं, "वर मिरचीची रोपं सुकल्यासारखी दिसतात. पाणी घालू का?"

भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "तुला कळतं."