होडीला घातलेले टाके

आमची ही शिवणकाम करते. बावीस वर्षं, पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर. लोकांच्या पँटी आखूड करते, बाह्या बदलते, उसवलेला दोरासुद्धा डबीत जपून ठेवते. मी सुतार. लाकडातलं मला कळतं आणि कापडातलं तिला, अशी आमच्यात वाटणी होती. ती मोडली खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी.

मास्तर निवृत्त झाले आणि त्यांनी होडी मागवली. होडी कसली, तुकडे. प्लायवूडच्या कापून आलेल्या लांब पट्ट्या, तांब्याची तार, चिकटवायचं रसायन आणि एक पुस्तिका. जोडली की एका माणसाची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, होणार. खोक्यात एक खिळा नव्हता. पट्ट्यांच्या काठांना भोकं होती, त्यांतून तार ओवून पिळायची. मी नाक मुरडलं. पण मास्तर म्हणाले, "तुमच्याशिवाय आहे कोण?" आणि मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर.

एका टोकापासून लागलो, एकेक तार पक्कडीने करकचून आवळत. दुसऱ्या टोकाला पोचलो तर भोकं बोटभर सरकलेली.

"माप चुकीचं पाठवलंय," मी म्हणालो.

ही चहा घेऊन आली होती. वाकून बघितलं. "अहो, ही तर बाही आहे. एका टोकाकडून ओढत नेलीत, चुण्या पडणारच. मधून धरा. आधी कच्चे टाके, सैल. सगळं बसलं की मग आवळा."

"लाकूड आहे ते."

"वाकतंय ना? मग झालं."

दोन रविवारांत तिने होडी उभी केली. मास्तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातात कला आहे." माझ्या हातात मग इतकी वर्षं काय होतं? सरळच सांगतो, मी जळलो. मास्तरांवर नाही, बायकोवर. ती बोटांना रसायन माखून गुणगुणत वर यायची आणि मी भाजीत मीठ कमी आहे म्हणायचो. कमी नसायचं. तिने एकदा तरी माझ्याकडे वळून "अहो, हे कसं करायचं?" विचारावं, एवढंच मला हवं होतं.

होडी तळ्यावर नेली तेव्हा मास्तरांनी पहिल्या फेरीचा मान तिला दिला. ती घाबरणार, मला हाक मारणार, म्हणून मी चपला काढून तयारच होतो. होडी दोन्हीकडे झुलली. ही नाही झुलली. काठाकाठाने आरामात फेरी मारून आली.

"वहिनी, भीती नाही वाटली?" मास्तरांनी विचारलं.

"कशाची? आमचं शिलाईचं टेबल याहून जास्त डुगडुगतं."

सगळे हसले. मीही हसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बावीस वर्षं मी त्या टेबलाला "उद्या बघतो" म्हणत आलो होतो.

तिच्या आधी घर गाठलं आणि टेबल आडवं केलं. आखूड पायाखाली कागदाची घडी असेल असं वाटलं होतं. निघाल्या कापडाच्या तीन चपट्या उशा, एकीखाली एक. एक दबली की तिने दुसरी शिवलेली. तिन्हींना चारही बाजूंनी बारीक टाके, आणि माप बरोबर पायाएवढं.

ती आली तेव्हा मी नवा पाय कापून बसलो होतो.

"किती उंच हवंय तुला?" मी विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

तिने खुर्ची ओढली. "आधी कच्चा बसवा," ती म्हणाली. "मी बसून बघते. मग आवळा."

मी तसंच केलं.