बाबांनी माझी बॅग पाठीवर घेतली

मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही चौघी मैत्रिणी नेपाळला ट्रेकला चाललोय. शेवटी एक शिखरही चढायचंय, त्यामुळे घरात सध्या माझा दुसरा विषयच नाही.

आज सकाळी हॉलमध्ये पॅकिंगची ट्रायल चालू होती. बाबा पेपर वाचत होते. वाशीच्या मार्केटमध्ये त्यांनी तीस वर्षं माथाडीचं काम केलं, कांद्याची पोती वाहिली.

"एवढी थोरली बॅग घेऊन डोंगर चढायचीस तू?"

"नाही हो बाबा! माझ्याकडे छोटी सॅक असणार. ही पोर्टर नेतो. एकेक पोर्टर दोघींच्या बॅगा घेतो."

बाबा उठले. पोतं घेतात तशी बॅग पाठीवर घेतली आणि हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्या! मी ओरडले, पण ऐकतील तर ना.

बॅग उतरवून एवढंच म्हणाले, "अशा दोन?"

सुनावलं असतं तर मी भांडले तरी असते. मी खाली बसले आणि एकेक वस्तू काढायला लागले. जास्तीची दोन जॅकेटं, हेअर ड्रायर, शिखरावर फोटोसाठी घेतलेली साडी (हसू नका), चिवड्याचा डबा.

चिवडा बाबांनी परत आत ठेवला.

"हा ऱ्हाऊ दे. त्याला दे. ओझं वाहणाऱ्याला पण भूक लागते, ते कुणाच्या ध्यानात येत नाही."

तिकडे जाऊन आलेल्यांनो, शिखराची उंची तुम्हाला पाठ असेल. तुमच्या पोर्टरचं नाव आठवतंय?