काळी-पिवळीतला हिरा

बीबी गावाला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. म्हणजे अर्ध्या माझ्या मांडीवरच. नव्या शिक्षिका. आज बीबीच्या शाळेत पहिला तास, विषय कार्बन, आणि भीती वाटतेय, हे त्यांनीच सांगितलं.

ब्रेक लागला. आमची अख्खी ओळ पुढच्या ओळीवर घसरली. सगळे ओरडले, बाईंनी मात्र टाळी वाजवली. "हेच! पेन्सिलीच्या टोकात हेच होते! कार्बनचे अणू थरात एकमेकाले घट्ट धरतात, पण थराले थर धरत नाही. म्हणून थर घसरतात, कागदावर उमटतात."

मग त्यांना हुरूपच चढला. "आता हिरा करू! अणू तेच, पण प्रत्येकाची चौघांशी पकड. शेजाऱ्यांच्या कोपरात कोपर, पुढच्याच्या खांद्यावर हात, मागच्याचा आपल्या खांद्यावर!"

"धरा बे!" कोणीतरी ओरडलं आणि ड्रायव्हर सोडून सगळे गुंतले. गतिरोधकावर जीप उडाली, पण जागचं कोणी हललं नाही. आम्ही खिदळत सुटलो.

सुलतानपूर आलं. मधल्या ओळीतले आजोबा चारही बाजूंनी जखडलेले. "बाई, हिरा लय मजबूत हाय, पण मले उतरायचं हाय न! घडीभर पेन्सिल करा!"

बाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

बीबी आलं, शाळा दिसली. मी माझं कोपर सोडवायला गेले, तर बाईंनी ते आणखी घट्ट धरलं.

"थांबा न एक मिनिट," त्या म्हणाल्या, "मंग होते मी पेन्सिल."