शेवंताच्या धारेची वेळ

पेंडीच्या पोत्यातल्या कुपनावर मनुबाईला परदेश सहलीचं बक्षीस लागलं. मॉरिशस नाहीतर बाली, पाच दिवस, एकाच माणसाचा खर्च. कुपवाडच्या पुढं मळ्यात राहणाऱ्या या साठीच्या बाईनं तोवर समुद्र पाहिला नव्हता.

पोरगा जयराज एमआयडीसीत लेथवर कामाला. त्यानं मोबाइलवर दोन्ही ठिकाणं दाखवली. दोन्हीकडं निळं पाणी, दोन्हीकडं नारळ.

"बालीत देवळं लय. डोंगरात पायऱ्यापायऱ्यांची भातशेती."

"भात चांदोलीकडंबी हाय की."

"आन मॉरिशसला आपली मराठी माणसं हायती. कैक पिढ्या झाल्या, अजून गणपती बसवत्यात."

"मग तिकडंच जाते. बोलायला तरी कुणी भेटंल."

बोलणं हा मनुबाईचा जीव की प्राण. बाजारात अनोळखी बाईशी ती अर्धा तास बोलायची. फक्त सून उत्कर्षाशी कामापुरतं. तिच्या सासूनं तिच्याशी तसंच केलं होतं, आणि सासूपण असंच असतं अशी तिची पक्की समजूत होती.

तारीख ठरायच्या वेळी आठवण झाली ती शेवंताची. या म्हशीचं रेडकू दगावलं, तेव्हापासून ती पान्हा चोरायची. मनुबाई शेजारी बसून घरादाराच्या गोष्टी सांगायला लागली, की मगच सोडायची. पाच दिवस धार निघाली नाही तर म्हैस आटणार. आवाज मोबाइलवर भरूनही बघितला. तेच ते शिळं बोलणं दुसऱ्यांदा ऐकल्यावर शेवंतानं बादली उलटी केली.

"मग न्हाई जात मी," मनुबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

"आवं आत्याबाई, फोन करा की रोज," उत्कर्षा म्हणाली. "मी गोठ्यात फोन धरते."

जयराजनं हिशोब मांडला. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागं. आपली पहाटे पाचची धार म्हणजे तिथं साडेतीन, आणि संध्याकाळी साडेपाचच्या धारेला ही बाई तिथं बोटीत असणार. बाली अडीच तास पुढं. सकाळी साडेसातला नाश्त्याआधी, रात्री आठला जेवणाआधी. म्हशीच्या सोयीनं बाली ठरलं.

सहलीत सगळ्या गुजरात-पंजाबकडच्या बायका. मनुबाईचं हिंदी बाजारहाटापुरतं. समुद्र बघून ती हरखली, देवळांतनं हात जोडून फिरली, पण पोटातलं सांगणार कुणाला? मग साडेसात वाजले की ती फोनवर तुटून पडायची.

"शेवंते, पानी लय हाय गं, पर खारट. तुज्या कामाचं न्हाई. आमच्या सासूनं मला कवा कृष्णेच्या पल्याड धाडलं न्हाई. हिनं समुद्रापल्याड धाडलं. सून गुणाची मिळाली गं मला."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. मनुबाईला लेक नव्हती, म्हैस होती.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ती घाईनं गोठ्यात गेली, तर उत्कर्षा मुकाट्यानं धार काढत होती. शेवंता रवंथ करत उभी, बादलीत फेस.

"कवापासनं?"

"तुमी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सांजच्याला रेंज न्हवती. नुसतं शेवंते म्हटलं आन कासेला हात लावला, तर सोडला तिनं पान्हा."

"मग सांगायचं न्हाईस व्हय? रोज ताटावर बसायचं सोडून फोन करत हुते मी. आन हे आदी कळलं असतं तर मॉरिशसलाच गेले असते की."

उत्कर्षाचा हात थांबला. "गेला असता, तर पहाटं साडेतीनला उठून फोन केला असता का? सात वर्सं झाली मला या घरात येऊन. तुमी असं बोलता, हे मला कवा कळलं असतं? म्हणून न्हाई सांगितलं."

मनुबाईचे डोळे भरून आले, ते तिनं पदरानं टिपले. मग पाट ओढून ती खाली बसली आणि बोटीत कसं मळमळलं, ते सांगायला लागली. शेवंतानं सवयीनं मान वळवली, पण मनुबाईचं तोंड सुनेकडं होतं.